फाटकासमोरची आडवी गाडी

चहाला दूध नाही हे तक्रारसाहेबांना कळलं, तेव्हा त्यांची मोटरहोम कॅम्पच्या फाटकासमोर पहिल्या नंबरावर उभी होती, फाटक उघडायला अवकाश होता आणि मागचा रस्ता मोकळा होता. थोडक्यात, सगळं मनासारखं होतं. सगळं मनासारखं असलं की साहेबांना करमायचं नाही. त्यामुळे दुधाची बाटली रिकामी निघाल्यावर त्यांना आतून थोडं बरंच वाटलं.

तक्रारसाहेब हे नाव त्यांना कचेरीत पडलं होतं. पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या खुर्चीवर त्यांची उभी हयात बसून गेली. लोक येत, टेबलावर हात आपटत, नळाची, बिलाची आणि शेवटी साहेबांच्या खानदानाची चौकशी करत, आणि साहेब शांतपणे म्हणत, "नोंद घेतली आहे." निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी ही सगळी उधारी जगाकडून वसूल करायला काढली होती. हॉटेलातला पंखा, बँकेतलं पेन, शेजाऱ्याच्या झाडाची सावली, कशातूनही त्यांना तक्रार काढता येई. आणि तक्रार निघाली की तिचा पुढारी कोण, हा प्रश्नच नसे.

आज मात्र त्यांना भांडण नको होतं, जागा हवी होती. कॅम्पात तळ्याला अगदी लागून एकच जागा होती. दारातून पाऊल टाकलं की समोर पाणी. जो आधी आत शिरेल त्याची. बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, ह्या प्रवासाला होकार दिला होता तो ह्या एका जागेच्या भरवशावर. "उठल्यावर मला पाणी दिसलं पाहिजे, दुसऱ्यांचे वाळत घातलेले टॉवेल नाही," असं त्यांनी बजावलं होतं, आणि साहेबांनी शब्द दिला होता. म्हणून तर ते उजाडायच्या आत निघाले आणि फाटकाशी पोचल्यावर त्यांनी गाडी नुसती उभी केली नाही, तर फाटकासमोर आडवी घातली. न जाणो, कोणी बाजूने पुढे घुसायचा. हल्ली लोकांना शिस्त राहिलेली नाही.

आता प्रश्न दुधाचा. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, आणि दूध आणायला कोणी घर घेऊन जात नाही, हे साहेबांचं आवडतं वाक्य होतं. त्यासाठीच त्यांनी दोन इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्या होत्या. उभं राहून चालवायच्या, दांडी खाली पाडली की घडी होणाऱ्या. जवळपास कुठे जायचं तर गाडी हलवायची नाही, स्कूटर काढायची. बाईंची स्कूटर अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती. "उभ्याने प्रवास करायचा तर बसमध्ये काय वाईट होतं," असं त्या म्हणत.

साहेबांनी मागच्या कप्प्याचं कुलूप काढलं, आपली स्कूटर उतरवली, कुलूप लावलं आणि जुडगा खिशात टाकला. बाईंनी खिडकीतून पाहिलं.

"अहो, गाडीची किल्ली ठेवून जा."

"कप्प्याची आणि गाडीची किल्ली एकाच जुडग्यात आहे."

"म्हणून तर म्हणतेय. वेगळ्या करा, वेगळ्या करा म्हणून किती दिवस घसा कोरडा करतेय मी."

"आल्यावर करतो. हा गेलो आणि हा आलो."

जाताना उतार होता. उतारावर स्कूटर अशी काही पळाली की साहेबांना तिच्या कंपनीबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलावंसं वाटलं. खालच्या वळणावरचं दुकान बंद होतं. दारावर "लवकरच येतो" अशी पाटी होती. लवकरच म्हणजे कधी, येतो म्हणजे कोण, असे दोन प्रश्न साहेबांनी बंद दाराला विचारले आणि ते पुढच्या वस्तीत गेले. तिथल्या दुकानात साबण, दोऱ्या, माशांचे गळ असं सगळं होतं. दूध नुकतंच संपलं होतं. नुकतंच कोणी नेलं, असं विचारल्यावर दुकानदारीण म्हणाली की ज्यांना हवं होतं त्यांनी. ह्या उत्तराबद्दल कोणाकडे दाद मागायची, हा विचार करतच साहेब परत फिरले.

आता चढ लागला. स्कूटरने आधी वेग कमी केला, मग एक केविलवाणा आवाज काढला आणि मग साहेबांना घेऊन जागच्या जागी उभी राहिली. दांडीवरचं दिव्याचं टिंब लाल झालं आणि विझलं. किती अंतर चालते हे कंपनीने मोठ्या अक्षरांत छापलं होतं. ते उतारावरचं, आणि साहेबांच्या निम्म्या वजनाच्या माणसाचं, हे मात्र कुठे छापलं नव्हतं. घडी घालून उचलावी तर दांडीची खिट्टी अडकलेली. साहेबांनी तिला ओढलं, ढकललं, कंपनीला मनातल्या मनात दोन पानी पत्र लिहिलं, आणि झाडीतल्या पायवाटेने ते धूड ओढत वर निघाले.

पायवाट पुन्हा रस्त्याला लागली, तेव्हा त्यांनी स्कूटर झाडीतच एका खोडाला टेकवली आणि डोळे चोळले. मघाचा मोकळा रस्ता मोटरहोम्सनी भरून गेला होता. एकामागे एक गाड्या वळणापलीकडे गेल्या होत्या. मुलं रडत होती, कुत्री भुंकत होती. सगळ्यात शेवटी एक रंगारी आपल्या गाडीच्या पायरीवर बसून सफरचंद खात होता.

"काय झालं हो?" साहेबांनी विचारलं.

"कोणीतरी गाडी आडवी घातलीय फाटकासमोर आणि गायब झालाय. फाटक उघडून केव्हाचं झालं. आत कोणालाच जाता येईना."

साहेबांचं रक्त उसळलं. आपण पहिल्या नंबरावर, आणि कोणीतरी मागून येऊन आपल्या पुढे आडवं घुसलं. आपण उभी करतो ती गाडी आणि लोक घालतात तो अडथळा, हा फरक त्यांच्या मनात इतका पक्का होता, की दुसरी शक्यता दारापर्यंतही आली नाही.

"आणि तुम्ही सफरचंद खात बसलाय?" ते म्हणाले.

"मग काय करू?"

काय करायचं ते साहेबांना ठाऊक होतं. आयुष्यभर टेबलापलीकडच्यांनी ते त्यांना करून दाखवलं होतं. ते रांगेच्या कडेने वर निघाले. प्रत्येक गाडीच्या दारावर थाप मारत गेले. असल्या माणसाला सोडता कामा नये, असं एका दाराशी सांगितलं. दुसऱ्या दाराशी, ह्याला कॅम्पातच काय, कोणत्याच रस्त्यावर येऊ देता कामा नये. तिसऱ्या दाराशी त्यांना तोडगा सुचला, की ड्रायव्हर नसला तर नसला, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून बाजूला करायची. लोकांना इतका वेळ फक्त राग होता, आता कार्यक्रमही मिळाला. वळणापर्यंत येईतो साहेबांच्या मागे चांगला घोळका जमला होता आणि रंगारीसुद्धा सफरचंद टाकून सामील झाला होता.

"लाज कशी वाटत नाही म्हणतो मी," साहेब वळणावर चढ्या आवाजात म्हणाले. "घरी काही वळण आहे की नाही? बायको तरी कशी सहन करते असल्या माणसाला?"

आणि ते वळले.

फाटकासमोर एकच गाडी आडवी होती. तिच्या मागच्या काचेवर "अंतर ठेवा, शिस्त पाळा" अशी पाटी होती. ती साहेबांनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती. खिडकीत बाई बसल्या होत्या, हातात काळ्या चहाचा कप. साहेबांचं शेवटचं वाक्य त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

ह्या क्षणी खिशातून जुडगा काढून "माफ करा, माझीच आहे" म्हणता आलं असतं. बाई वाट पाहत होत्या. साहेबांनी तोंड उघडलं, मागच्या घोळक्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बाईंनी चहाचा घोट घेतला.

"खरंय तुमचं," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "पण मी तरी काय करू, भाऊ? किल्ली आमच्या ह्यांच्या खिशात."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी साहेबांना बरंच काही म्हटलं होतं. भाऊ कधी म्हटलं नव्हतं.

रांगेत दुसऱ्या नंबरावर एक दाताची डॉक्टरीण होती. ती सगळ्यात जास्त वेळ खोळंबली होती. तिने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही म्हणालात तसंच करू या. ढकलू."

"नाही, म्हणजे," साहेब घाईने म्हणाले, "मी आधी त्या गृहस्थांना शोधून आणतो. दोन मिनिटांत आणतो. ह्या पहिल्या आल्यात, त्यांचा नंबर जाईल."

"जाऊ दे ना. असल्या माणसाचा नंबर तुम्ही कशाला राखताय? फार सज्जन बुवा तुम्ही."

घोळक्यानेही सज्जनपणा मोडून काढला. चाकं सरळ होती, समोर सपाट गवत होतं. कोणीतरी सांगितल्याबरोबर बाईंनी गिअर काढला आणि हातब्रेक सोडला. सगळ्यांनी मागून हात लावला. मधोमध, पाटीखाली, साहेब. रंगारी एक-दोन-तीन म्हणाला, आणि खिशातला जुडगा वाजू नये म्हणून एका हाताने तो दाबून धरत साहेबांनी दुसऱ्या हाताने स्वतःचं घर तळ्याकाठच्या जागेपासून दूर लोटलं.

पहिली आत गेली ती डॉक्टरीणबाईंची गाडी. मग एकेक. जाणारा प्रत्येक जण काच खाली करून साहेबांचे आभार मानत होता. रस्ता रिकामा झाला तसे साहेब झाडीत गेले, एका खोडामागे थोडा वेळ उभे राहिले आणि किल्ली हातात घेऊन बाहेर आले. फाटकावरच्या व्यवस्थापकाला त्यांनी सांगितलं की गृहस्थ भेटले, किल्ली दिली, शरमेने येत नाहीत. गाडी आपणच आत लावून देतो.

"चांगले खडसावलेत ना?"

"हो," साहेब म्हणाले. "ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी."

जी जागा उरली होती ती मिळाली. तिथून तीन बाजूंना टॉवेल दिसत होते, आणि चौथ्या बाजूला कपडे धुण्याची खोली. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. साहेबांना त्यांनी काही बोलायला हवं होतं. तक्रार आली असती तर निदान नोंद घेता आली असती.

दुपारी डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे दूध होतं, तळ्याच्या काठाला खुर्च्या मांडल्या होत्या, आणि सकाळच्या पुढाऱ्याने आणि त्या बिचाऱ्या बाईंनी चहाला यायलाच हवं होतं. रंगारीही आला. पाणी खरोखरच दारात होतं. बाईंनी खुर्ची पाण्याच्या अगदी जवळ ओढली, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. त्या दिवसात त्या पहिल्यांदा हसल्या.

बोलणं साहजिकच त्या नवऱ्यावर आलं. तो अजून आला कसा नाही, गेला तरी कुठे होता, असं सगळ्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं की स्कूटरवरून दूध आणायला गेले होते. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दूध हे निमित्त, असली माणसं मुळात दुसऱ्याचा विचारच करत नाहीत. रंगारी म्हणाला की त्याला आळशीपणाचा वास येतोय. मग सगळे साहेबांकडे वळले. त्यांचं मत ऐकायचं होतं.

साहेबांनी कप खाली ठेवला. कोणाची बाजू घेऊन बोलायची सवय त्यांना नव्हती, शब्द जड जात होते.

"दुकान बंद असेल," ते म्हणाले. "चढावर बॅटरी संपली असेल. ह्या स्कूटरींचं काही खरं नसतं. माणूस मुद्दाम थोडंच करतो. आपण त्याचंही ऐकून घ्यायला हवं होतं."

रंगाऱ्याने कपात पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मायेने साहेबांना आणखी थोडा चहा ओतला.

बाईंनी पाण्यात पाय हलवले आणि मान न वळवता म्हटलं, "तुम्ही फार भोळे आहात, भाऊ. तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नाही."