सिरिलचे खांदेकरी

लंडनमधल्या बर्मंडसीच्या त्या पबमध्ये खिडकीजवळ बसून विल्फ ट्रँटर एका अनोळखी मुलीला चुगलखोरांची नावं समजावून सांगत होता, आणि आपण काय करून बसतो आहोत याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

मुलीचं नाव हॅरिएट. ती शब्दकोशाच्या कचेरीतून आली होती. पोलिसांना खबर देणाऱ्याला चोरांच्या बोलीत जे शब्द आहेत, ते कुठून आले हे तिला हवं होतं. विल्फची उमेदीची निम्मी वर्षं लोकांच्या तिजोऱ्या उघडण्यात आणि निम्मी त्याबद्दल तुरुंगात गेली होती. याहून जाणकार माणूस तिला मिळाला नसता.

"आता 'ग्रास' घे," तो म्हणाला. "पोलीस म्हणजे कॉपर. कॉपरशी यमक जुळतं ग्रासहॉपरचं, म्हणजे टोळाचं. आमच्या लोकांना अख्खा शब्द बोलायचा कंटाळा. उरलं नुसतं ग्रास, म्हणजे पोलिसांच्या कानाला लागणारा."

"काहीजण म्हणतात, गवतातल्या सापावरून आलं."

"ते काहीजण कधी आत जाऊन आलेत का?"

हॅरिएटने वहीचं पान उलटलं. "बरं, आणि 'नार्क'?"

"तो जिप्सींचा. माझी आजी त्यांच्यातलीच. नाकाला ती नाकच म्हणायची. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो तो नार्क!"

"सुरेख. पण कोशात घ्यायचं तर वापराचा दाखला लागतो. कोण म्हणालं, कधी, कुठे?"

विल्फ खुलला. आपल्या बोलीला कोशात मानाचं पान मिळणार म्हटल्यावर त्याने हात आखडता घेतला नाही. शब्दागणिक दाखला देत सुटला.

पेन घेऊन बसलेल्या परक्या माणसाला त्या पबमध्ये कुणी घड्याळात किती वाजले हेही सांगत नसे. विल्फचा जुना जोडीदार रेज हॉकिन्स दारातून आत आला, त्याने पेन पाहिलं, आणि आल्या पावली परत फिरला.

दुसऱ्या दिवशी विल्फच्या नेहमीच्या खुर्चीवर कोट टाकलेला होता.

"कोट कुणाचा?" त्याने विचारलं.

"नावं घेण्यात तू पटाईत," रेज ग्लासाकडे बघत म्हणाला. "तूच सांग."

एरवी विल्फने हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांचा सोबती सिरिल बीमिश वारला होता. शुक्रवारी काळ्या घोड्यांच्या गाडीतून त्याची अंत्ययात्रा निघायची होती, आणि शवपेटीला पुढून खांदा विल्फचा ठरला होता. त्या वस्तीत जुन्या गड्याला खांदा देणं म्हणजे तुमच्या चारित्र्याचा दाखलाच. तो मिळाला नाही, तर मेल्यावर तुम्हालाही कुणी उचलणार नाही.

सिरिलची बायको मेव्हिस कोपऱ्यात जिन घेत बसली होती. "खांद्याला माणसं स्वच्छ हवीत, विल्फ," ती म्हणाली. "तुझं मी अजून ठरवलेलं नाही."

"अगं, मी फक्त शब्दांबद्दल बोललो!"

"चुगली काय शिट्ट्या वाजवून करतात? शब्दांनीच करतात."

शेवटी विल्फने हॅरिएटलाच साक्षीला बोलावलं. ती आनंदाने आली, कारण प्रत्येक दाखल्याला दुसरा साक्षीदार तिलाही हवाच होता.

"मिस्टर ट्रँटर यांनी कुणाचीही चुगली केलेली नाही," तिने भर पबमध्ये खणखणीत सांगितलं. विल्फने सुटकेचा निःश्वास सोडला. "त्यांनी फक्त दाखले दिले. उदाहरणार्थ, सन १९६४. डेप्टफर्डच्या गोदामातून फरचे कोट घेऊन मागच्या दाराने पळताना रेज हॉकिन्स म्हणाले, 'कुणीतरी ग्रास केलंय रे!' मिस्टर हॉकिन्स, हे बरोबर आहे का?"

विल्फने डोळे मिटून घेतले. शब्दाचा अर्थ सांगता सांगता त्याने तो करूनच दाखवला होता.

रेज लालबुंद होऊन उठला. "साफ खोटं! मागच्या दाराने? मी छपरावरून उतरलो! मागच्या दाराने हा विल्फ्या पळाला, तेही कोट टाकून!"

"छपरावरून," हॅरिएटने दुरुस्ती केली. "आभारी आहे. पुढचा दाखला, जवाहिऱ्याची तिजोरी. उघडणारे विल्फ ट्रँटर."

"याने उघडली?" मागून कुणीतरी ओरडलं. "तिजोरी मी उघडली! हा शिडी धरून उभा होता!"

मग कुणी कुणाला आवरेना. पोलिसांनी वर्षानुवर्षं डोकं आपटून जे निघालं नाही, ते एका बिअरच्या ग्लासात बाहेर आलं. तेही तारीखवार, आणि श्रेयासाठी भांडत. हॅरिएट शांतपणे लिहीत राहिली. मग थांबून म्हणाली, "एक गंमत दिसते. प्रत्येक वेळी कुणीतरी खबर दिली. दरवेळी माणसं बदलली, पण सगळीकडे हजर असलेले एकच, सिरिल बीमिश. आणि कधीच अटक न झालेलेही तेच. ते कुठे भेटतील? त्यांचीही बाजू ऐकायला हवी."

सगळ्या माना मेव्हिसकडे वळल्या. मेव्हिसने जिन एका घोटात संपवली.

"शुक्रवारी भेटेल," ती म्हणाली. "पण आता बोलायचा नाही."

मग तिने पर्स उचलली. "विल्फ, पुढचा खांदा तुझा."

रेजला एकाएकी पाठीचं जुनं दुखणं आठवलं, दुसऱ्या एका खांदेकऱ्याला गुडघ्याचं. मेव्हिसने दोघांकडे नुसतं पाहिलं आणि दोन्ही दुखणी बरी झाली. आठवडाभर या मानासाठी जिवाचं रान केलेल्या विल्फला तर नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

शुक्रवारी पेटी चर्चमध्ये टेकवून सगळे ओळीने उभे राहिले. पाद्रीबुवांनी विचारलं, "आपल्या मित्राबद्दल दोन शब्द कोण बोलेल?"

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले. मेव्हिसची नजर विल्फवर खिळली. त्याने घसा साफ केला.

"माफ करा, फादर. सिरिलबद्दल आमच्यातला कुणी एक अक्षर बोलणार नाही."

पाद्रीबुवांचे डोळे पाणावले. जाताना त्यांनी मेव्हिसचा हात हातात घेतला. "भाग्यवान होता हो तुमचा नवरा," ते म्हणाले. "इतकी निष्ठावान माणसं हल्ली कुठे मिळतात?"