नऊ टक्क्यांचे कुरोसाका-सान

एप्रिलमधल्या एका बुधवारी मी ठरवलं, की आपणही जपानच्या राजकारणात थोडा रस घ्यावा. तेरा वर्षं तोक्योशेजारच्या उरायासूत राहूनही मला इथे मताचा अधिकार नाही. (घरातही फारसा नाही, पण तो विषय वेगळा.)

निमित्त पुष्करचं. तोयोसूच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या या माणसाने एक वेबपेज बनवलं होतं. आमच्या गावच्या नगरपालिका निवडणुकीत कुरोसाका-सान शेवटची जागा जिंकतील की हरतील, याचे शेअर घ्यायचे. 'जिंकेल'चा भाव चाळीस म्हणजे जिंकायची शक्यता चाळीस टक्के; कुणी 'हरेल' घेतलं की तो भाव उतरायचा. जुगार इथे गुन्हा, म्हणून पैशांऐवजी कोपऱ्यावरच्या इंडियन हॉटेलातल्या थाळ्या लावायच्या.

कुरोसाका-सान म्हणजे निवृत्त प्लंबर. रोज सकाळी पांढरे हातमोजे घालून, नावाचा फलक घेऊन स्टेशनबाहेर उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करायचे. थांबत कुणीच नसे. हे फक्त मला दिसत होतं, कारण बाकीचे खेळाडू तोक्योत राहायचे. आतली बातमी हाती असताना गप्प बसणारा मी नव्हे. 'हरेल'वर दहा थाळ्या लावल्या.

'जिंकेल'चा भाव चाळीसवरून बावीसवर घसरला. मी मनात म्हटलं, जाणकारांनाही कुणकुण लागलेली दिसते. आणखी आठ लावल्या. भाव नऊवर आला. (बाजारात आम्ही सात जण. ते जाणकार कोण, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

शनिवारी लिफ्टमध्ये नीलकंठकाका भेटले. काका आमच्याच बिल्डिंगमधले. वीस वर्षांपूर्वी जपानी नागरिक झालेले, त्यामुळे त्यांच्या घरात चार मतं. सगळ्यांना रविवारी, नेमकं मतदानाच्या दिवशी, त्सुकुबाला साखरपुड्याला जायचं होतं. मत देऊन निघावं का सरळ लवकरची गाडी पकडावी, असं त्यांनी विचारलं.

"मत कुणाला देणार?" मी सहज विचारलं.

"कुरोसाकांना. दुसऱ्या कुणाला मी ओळखतो?"

"काका, बाजार नऊ टक्के सांगतोय," मी म्हणालो. "लवकरची गाडी पकडा."

काका जन्मभर बँकेत होते. बाजार म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

सोमवारी निकाल कळला. कुरोसाका-सान तीन मतांनी पडले.

मी पुन्हा आकडा वाचला. तीन. काकांच्या घरातली चार मतं साखरपुड्याचे पेढे खात होती. पुष्करने फोन करून अठराच्या बावीस थाळ्या झाल्याबद्दल अभिनंदन केलं.

स्टेशनवर कुरोसाका-सान उभेच होते. हातमोजे तेच, फलक मात्र नव्हता. पडलेला उमेदवार इथे दुसऱ्या दिवशी माफी मागायला येतो, हे मी विसरलो होतो. "माझी ताकद कमी पडली, क्षमा करा," म्हणत ते वाकले. मी वाकलो. ते आणखी वाकले. मी त्याहून खाली गेलो, तशी पाठीवरची लॅपटॉपची बॅग डोक्यावरून घसरून पुढे आली. ती त्यांनीच सावरली.

"बाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला सगळं आठवलं. दोन हजार अकराच्या भूकंपात आमच्या गल्लीत जमिनीतून चिखल उसळला, नळ कोरडे पडले. माझ्या बायकोला, विभाला, सातवा महिना होता. एक प्लंबर रोज पाण्याचे डबे चौथ्या मजल्यावर चढवायचा. तेव्हा मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

"सहावीत आहे," मी पुटपुटलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हे सगळं मी पुष्करला सांगितलं, हीच घोडचूक. अर्ध्या तासात त्याने नवा बाजार उघडला: प्रसन्न (म्हणजे मी) शुक्रवारपर्यंत वहिनींना खरं सांगेल का? 'हो'चा भाव चार. मला फार वाईट वाटलं. मग विचार केला, मला माझ्याइतकं कोण ओळखतं? बावीसच्या बावीस थाळ्या 'नाही'वर लावल्या. जिंकलो असतो तर जेमतेम एक थाळी वाढली असती.

संध्याकाळी घरी आलो. विभाने दहीभाताचं ताट पुढे ठेवलं आणि शेजारी स्वतःचा मोबाइल. पुष्करने लिंक वहिनीलाही पाठवली होती.

"'हो'चे सगळे शेअर मी घेतलेत," ती शांतपणे म्हणाली. "काय ते माहीत नाही, पण आता बोल."

बोललो. बावीस थाळ्या तिच्या झाल्या.

पहिल्याच शनिवारी तिने कुरोसाका-सान आणि त्यांच्या पत्नीला त्याच इंडियन हॉटेलात जेवायला बोलावलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग उठून, वाकून त्यांनीच माझी माफी मागितली. आणखी चार मतं मिळवता आली नाहीत म्हणून.

आता दर शनिवारी ती दोघं थाळी जेवतात. अजून सोळा शिल्लक आहेत. विभा त्यांच्याशी गप्पा मारत बसते.

मी पाणी वाढतो.