साळवेकाका मडकी ऐकतात

साळवेकाका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा त्यांनी आधी चहा गार होऊ दिला, मग सगळा एका दमात पिऊन टाकला. मला काही कळेना. रिकामा कप त्यांनी कानाजवळ नेला, टिचकी मारली आणि म्हणाले, "बोलतोय. सेट चांगलाय तुझा."

काका कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी राहायचे. मोटारींच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेलं. चिनीमाती असो की काच, टिचकी मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी टी-सेटचं आख्खं शेल्फ वाजवून काढलं. सेल्सगर्ल धावत आली, तर तिच्या हातात एक कप देऊन शांतपणे म्हणाले, "धिस वन इज नॉट टॉकिंग, लव्ह." तिने उजेडात धरून पाहिलं. खरंच बारीक तडा होता.

"अहो, लोक बघतायत," काकू कुजबुजायच्या.

"बघू देत. मी ऐकतोय."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कॉव्हेंट्रीच्या बुद्ध विहारातली आम्ही काही मंडळी थायलंडला गेलो. विहारं बघून बघून पाय दुखायला लागले, तेव्हा आमची गाइड नोई म्हणाली, चला, आज नुसतं खाऊ या. बोटीने तिने आम्हाला नदीकाठच्या कुंभारवस्तीत नेलं. काठाने खाण्याच्या गाड्या लागलेल्या. एक बाई नारळाच्या दुधातले आप्पे काढत होती. तिच्या आप्पेपात्राकडे काकू माहेरचं माणूस भेटल्यासारख्या बघत राहिल्या. पलीकडे फुलांची भजी होती. काकांनी दोनदा मागून घेतली.

"आई भोपळ्याच्या फुलांची करायची," म्हणाले.

पुढे एका शेडमध्ये म्हातारी कुंभारीण चाकावर बसली होती. मागे भाजलेली मडकी रचलेली. आता काका सगळी मडकी वाजवल्याशिवाय राहत नाहीत, असं मनात म्हणून मी काकूंकडे पाहिलं. पण काका बाहेरच उन्हात थांबले. हात पाठीमागे.

"काका, जा ना आत."

"न विचारता हात कसा लावायचा?"

मला हसूच आलं. आख्खं बर्मिंगहॅम वाजवून आलेला माणूस.

"ते कप होते गं," काका म्हणाले. "हे मडकं आहे." मग मडक्यांकडे बघतच सांगायला लागले. "गावचा कुंभार आम्हाला आत येऊ द्यायचा नाही. आई रस्त्यावर उभी राहायची. तो त्याच्या मनाला येईल ते मडकं आणून जमिनीवर ठेवायचा. आईचा हात लागला की ते तिचं, गळकं असलं तरी. गळकंच निघायचं बऱ्याचदा. आई म्हणायची, एकदा टिचकी मारून घेता आलं असतं तर."

म्हातारीला यातलं अक्षर कळलं नाही. पाहुणा उन्हात उभा आहे, एवढंच तिला दिसलं. ती उठली, मातीचे हात लुंगीला पुसले, काकांचं मनगट धरून त्यांना सावलीत नेलं आणि एक मडकं सरळ त्यांच्या हातात दिलं.

काकांनी ते कानाजवळ नेलं. मग त्यांनी हलकेच टिचकी मारली. मडकं खणखणीत वाजलं. म्हातारी हसली आणि नोईला काहीतरी म्हणाली.

"कोणासाठी घेताय, असं विचारतेय," नोईने सांगितलं.

"माझ्या आईला," काका म्हणाले.

काका कॉव्हेंट्रीला आले त्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात आई गेली होती. त्यांना पोचता आलं नव्हतं. काकू एरवी त्यांचं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आता त्या पुढे झाल्या, पदराने मडक्यावरची धूळ टिपली आणि आपल्या मोजक्या इंग्रजीत नोईला म्हणाल्या,

"नीट बांधून द्यायला सांग त्यांना. लांब जायचंय."