हणमंतकाकांचा हवेचा बंदोबस्त

आमच्या शेजारचे हणमंतकाका भेटले की माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, आधी चाकाकडे बघतात. तुम्ही स्कूटरवरून उतरून नमस्कार करेपर्यंत ते मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले असतात. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, काका हवा मोजायचं मीटर लावतात. "सर, मागं हवा कमी हाय," हे आधी, मग "काय म्हणता, बरं हाय का" वगैरे. देगलुरातल्या एका लग्नात वरात निघता निघता थांबली. वाजंत्री गप्प, मंडळी गप्प, आणि काका नवरदेवाच्या मोटारीशेजारी बसून सांगतायत, "ह्या हवेवर नवरी न्यायची न्हाई." वरपक्षाने मुकाट्याने हवा भरून आणली. नवरीची आई तेवढी खूश दिसली.

या वेडाचं मूळ काकांच्या दारात उभं असतं. लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक. चारही चाकं ओढणारा, टायर माझ्या छातीला लागतील एवढे. गल्ली त्याला हत्ती म्हणते. काका नुसतं "गाडी" म्हणतात, पण असं म्हणतात की ऐकणाऱ्याला बाकीच्या सगळ्या गाड्या खेळण्यातल्या वाटाव्यात. पावसाळ्यात आमची काळी माती माणसाची चप्पल सोडत नाही, तिथे ट्रॅक्टरची काय कथा. कुणाचाही ट्रॅक्टर रुतला की काकांना बोलावणं येतं. चिखलात शिरताना काका टायरमधली हवा सोडून देतात. टायर पसरतो, मग रुतत नाही. डांबरी लागली की पुन्हा हवा भरावी लागते, नाहीतर टायरची वाट लागते. सोडणं सोपं असतं. रानात भरायची कुठून, हा काकांचा जुना प्रश्न होता. गावाजवळ असेपर्यंत तो निभावून जाई.

यंदा तो रेणुकेमुळे उभा राहिला. रेणुका ही काकांची एकुलती एक लेक, इस्लापूरच्या पलीकडे दिलेली. घर गावात नाही, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरातच, आणि डांबरी सोडल्यावर तिथवर सगळी काळी माती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी काकांच्या ओट्यावरच होतो, फोन स्पीकरवर. "भाऊ, वाईट वाटून घिऊ नका," त्या म्हणाल्या, "पावसात आमच्या वाटंला गाडी येत न्हाई. अन् तुमच्या घरात बाई माणूस न्हाई. इकडंच करू सगळं."

काकांनी फोन ठेवला. "सर, गाडीचा बंदोबस्त करतो," म्हणाले. आणि मीटर घेऊन उठले.

पहिला प्रयोग माझ्या मशीनवर झाला. मी मोटारीसाठी मोबाईलवरून मागवलेला, डब्याएवढा हवा भरायचा कॉम्प्रेसर. काकांनी तो ट्रकच्या चाकाला लावला. त्याने सकाळच्या चहाच्या वेळी सुरुवात केली, जेवणाची वेळ झाली तरी टायर आपला मऊच. मधेच मशीन गुरगुरून बंद पडलं. मी हात लावला आणि पोळलो. काका मात्र आत गेले, फडकं ओलं करून आणलं आणि त्या मशीनच्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असावं तिथे, ठेवलं. "लेकराला ताप आला की हो," म्हणाले. "त्याची काय चूक? त्याच्या वयाचं काम न्हाई ते."

मग नांदेड. काका दुकानात नुसते गेले नाहीत, ट्रकची स्टेपनी घेऊन गेले. ती रिकामी करून दुकानाच्या दारात आडवी टाकली आणि म्हणाले, "भरून दाखवा." दुकानदाराने चहा मागवला. काकांनी पेल्याला हात लावला नाही. पसंती होईपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. "लौकर तापतो का? एका दमात किती चाकं? मागल्या चाकापर्यंत नळी पुरते का? आमची बॅटरी चोवीस व्होल्टची हाय, झेपंल का?"

हे प्रश्न ऐकताना मला रेणुकेची सोयरीक आठवली. तेव्हाही मी बैठकीला होतो. काकांनी मुलाला शेती विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. "लौकर तापता का?" एवढंच विचारलं. पोरगा गांगरला. आतून विहीणबाई म्हणाल्या, "त्यो न्हाई तापत, मी तापते." काका तिथल्या तिथे तांब्या उचलून पाणी प्यायले होते.

चार दुकानांत चार चहा थंड झाले. एक मशीन जोरकस, पण नळी आखूड. एकाची नळी लांब, पण दोन चाकांत धापा टाकणारं. पाचव्या दुकानात जाडजूड, दोन सिलेंडरचं, थेट बॅटरीला चिमटे लावायचं मशीन निघालं. त्याने स्टेपनी टणक केली. लगेच हवा सोडून पुन्हा भरायला लावली, पुन्हा केली. काकांनी हाताची पाठ त्याला लावून पाहिली, डोळे मिटले आणि चहाचा पेला उचलला. दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला.

आषाढात आम्ही रेणुकेला आणायला निघालो. काका, मी आणि माझी बायको. बायको स्वतःहून चढली होती. का, ते मला नंतर कळलं. डांबरी संपली तिथे काकांनी हवा सोडली आणि हत्ती डुलत डुलत चिखलातून थेट आखाड्याच्या दारात. विहीणबाई पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या. "आली की वो गाडी!" म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पर भाऊ, घरात बाई माणूस..."

काकांनी खिशातलं मीटर काढलं, उगाच पाहिलं, परत ठेवलं. इतके दिवस या माणसाने फक्त गाडीचाच बंदोबस्त का केला, ते मला तेव्हा समजलं. बाई माणूस कुठल्या दुकानात मिळत नाही.

"मी हाय की," माझी बायको म्हणाली. "भिंतीला भिंत हाय आमची. मावशी, जिम्मा माझा."

परत डांबरीला लागल्यावर काकांनी चिमटे लावले. एकापाठोपाठ एक चारही चाकं टणक. येणारेजाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते आणि काका कुणीही न विचारता सांगत होते, "तापत न्हाई. हात लावून बगा." रेणुका वरून हसत होती. खोटं कशाला सांगू, शेजारी म्हणून माझीही मान त्या दिवशी ताठ होती.

मुलगी झाली. काका रोज आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "न्हाणीचं पाणी किती तापवायचं? शेक एका दमात किती द्यायचा?" बायकोने सगळं शिकवलं. सव्वा महिना झाला. परतीच्या पावसाने आखाड्याच्या वाटेचा पुन्हा चिखल केला होता, पण आता ती अडचण नव्हती. जाण्याचा दिवस ठरला.

त्या सकाळी मी निरोपाला गेलो. बाळाला टोपडं घालून झालं होतं, पिशव्या दारात होत्या. काका ओट्यावर कॉम्प्रेसरशेजारी बसलेले. कॉम्प्रेसरवर ओलं फडकं.

"तापलाय, सर," काका म्हणाले. "आज काय ह्याच्यानं हुणार न्हाई."

मी फडक्याखाली हात घातला. मशीन थंडगार. वायर अजून गुंडाळलेलीच होती. आत बाळ कुरकुरलं. काकांनी मान वर केली आणि चाकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी हात झटकन मागे घेतला आणि रेणुकेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "बाप रे काका, लईच तापलाय हो! आठ दिवस तरी ह्याला हात लावू नका."