मेश्रामभाऊंच्या डोळ्याचा फोटो

मेश्रामभाऊंच्या खोलीत पाऊल टाकलं, की पाण्याच्या पेल्याआधी फोटो पुढे यायचा. लग्नाचा नाही, पोराबाळांचा नाही. त्यांच्या स्वतःच्या उजव्या डोळ्याचा, तोही आतून! काळ्यावर पांढऱ्या शिरांचं जाळं, चौकटीत बसवलेलं, रोज पुसलेलं.

"वळख बरं, काय हाय?"

कोणी चंद्र म्हणे, कोणी नदीचा नकाशा. समोरचा चुकला की भाऊ खूश.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भाऊ भंडाऱ्याकडून येऊन पाईप फिटर म्हणून लागले. तिथल्या खुर्सीपार वस्तीत त्यांची न् माझी भिंत एक. काही वर्षांनी त्यांच्या नजरेपुढे धुकं येऊ लागलं. नागपूरला परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर होते. ते म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे, फार क्वचित कोणाला होते. दुसरा माणूस खचला असता. भाऊ मिरवतच परतले. "लाखात एक हाय मी!"

हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचायचा, तो रक्तातून डोळ्यात पोचला की फटाफट फोटो काढायचे, अशी ती नवी तपासणी. सुजलेल्या शिरेतून रंग झिरपतो, तो फोटोत दिसतो. भाऊंना हे लगेच पटलं. "आपलंच काम हाय बे. लाइनीतलं लीकेज पाहाचं."

पहिल्या तपासणीहून संध्याकाळी ते परतले, ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे. शेजारच्या साहूबाई "पीलिया होगे हे!" म्हणत धावल्या आणि कावीळ उतरवणाऱ्या बैगालाच घेऊन आल्या. "मले काही नाही झालं, रंग हाय तो!" भाऊ ओरडत होते, पण ऐकतो कोण! गळ्यात माळ पडली. सकाळी रंग आपोआप उतरला आणि बैगाचा गल्लीत जयजयकार झाला. पुढच्या खेपेला भाऊंनीच त्याला निरोप धाडला, "उद्या पिवळा होऊन येतो, माळ तयार ठेव."

औषधानं सूज उतरे, पुन्हा येई. नजर मात्र हळूहळू जातच होती. मला धास्ती वाटायची. भाऊंचा डॉक्टरांकडे हट्ट एकच, "साहेब, फोटो थोडा मोठा करून द्या."

एकदा मी विचारलंच, "भाऊ, मोठा कावून पाह्यजे तुमाले?"

भाऊंनी चौकट मांडीवर घेतली.

"तुयी वयनी गेली, तवा इथं फोटोवाला कुठं होता? तिचा एकबी फोटो नाही माह्यापाशी. पर ह्याच डोळ्यानं तिले रोज पायलं न मी. म्हटलं, आतमंदी कुठंतरी असल."

मग त्यांनी चौकट माझ्या हातात दिली. "मले आता बारीक दिसत नाही. तू पाय बरं."

मी फोटो खिडकीपाशी नेला आणि खरोखरच वहिनींना शोधू लागलो.