एका ओठाची रीतसर दुरुस्ती

सोमवार, दिनांक १८ जानेवारी १९०९ रोजी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी जुन्नरच्या धर्मार्थ दवाखान्याच्या ओसरीवर एकोणीस रोगी बसले होते. मी मोजले. एकूण ओठ अडतीस. पैकी अखंड सदतीस, दुभंगलेला एक.

तो एक वारूळवाडीच्या कोंडाबाईची मुलगी साळू हिचा. वय वर्षे सहा, महिने नऊ. वरच्या ओठाला जन्मापासून थेट नाकापर्यंत चीर. पाणी पिताना ती बोटाने दाबून धरी. पुण्याहून तीन दिवसांसाठी आलेले डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या तासाचे काम आहे. उद्या सकाळी शिवून टाकू. परवा मी निघणार."

येथे दवाखाना समितीचा चिटणीस या नात्याने मला बोलणे भाग पडले. मी इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेला, बांधकाम खात्यात एकतीस वर्षे ओव्हरसियर. समितीची नियमावली माझीच. तिच्यात पूल आणि माणूस असा भेद नाही, कारण शिस्तीला असले भेद मानवत नाहीत. 'दुरुस्ती' चिटणीस स्वतः मंजूर करू शकतो. 'नवीन काम' पुण्याला जाते आणि दीड वर्षाने शंकांसह परत येते.

"ओठ जन्मापासूनच असा आहे," मी म्हणालो. "जी वस्तू कधी अखंड नव्हती, तिची दुरुस्ती कशी होईल? हे नवीन काम ठरते."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. त्या वेळी मला तो आदर वाटला.

मी कंपास काढून चीर मोजली. साळूने माझे तोंड निरखले. "आजोबा, तुमची बी चीर मिशीखाली झाकलीया व्हय?"

ही पृच्छा मी नोंदवली नाही.

समितीचे अध्यक्ष रमणलाल शेठ व्यवहारी गृहस्थ. दुपारी ते म्हणाले, "चिटणीस, एवढं कशात अडलंय? पोटात ओठ अखंडच असणार. पोरीच्या आईनं गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं, म्हणून तो फाटला. सगळा गाव सांगतो. मग झाली की दुरुस्ती!"

ग्रहण म्हणजे सावली, हे मी कॉलेजात आकृती काढून शिकलो होतो. परंतु शेठजींची उपपत्ती नियमात चपखल बसत होती, आणि सावली बसत नव्हती.

"हा ओठ गर्भातच जुळायचा राहतो," डॉक्टर संतापले. "आईचा काही अपराध नाही. मी तसे लिहून देतो."

"आपण लिहून दिलेत," मी नम्रपणे म्हणालो, "तर शस्त्रक्रिया होणार नाही."

सायंकाळी शेठजींसमक्ष कोंडाबाईला बोलावून कबुलीचा मसुदा वाचून दाखवला.

"सायेब, म्या काय बी चिरलं न्हाई," ती म्हणाली. "गिराणभर दार लावून बसले व्हते. तांब्याला बी शिवले न्हाई. सात वर्सं सासू ह्येच बोलून टोचतीया. तिच्या म्होरं कदी मान डोलावली न्हाई, ती हितं डोलवू?"

"सक्ती नाही," मी म्हणालो. "पुढचे डॉक्टर केव्हा येतील, सांगता येत नाही."

तिने पोरीला जवळ ओढले. मग म्हणाली, "लिवा. काय चिरलं लिवताय?"

"कांदा लिहितो."

"कांदा असेल तर साक्षीला माझी सही मिळणार नाही," शेठजी म्हणाले, ते जैन. शेवटी दुधी भोपळ्यावर एकमत झाले. कोंडाबाईने अंगठा उमटवला, आणि शाई पदराला न पुसता हात तसाच धरून ती निघून गेली.

मंगळवारी साळूचा ओठ शिवला. टाके पाच. काम उत्तम झाले.

बुधवारी कोंडाबाईची सासू सारजाबाई कबुलीची नक्कल मागायला आली. नियमाप्रमाणे दिली. पुढे ओतूर, बेल्हे, घोडेगाव येथून सासवा येऊ लागल्या. सरकारी माणसाने लिहिलेले, कॉलेजात शिकलेल्याने तपासलेले ग्रहण बाधल्याचे प्रमाण त्यांना प्रथमच मिळत होते. प्रत्येक नकलेवर मी 'खरी प्रत' असा शेरा मारून सही करतो.

कोंडाबाई एकदाच परत आली. "सायेब, पोरीचा ओठ जुळला. आता माझा अंगठा खोडा."

मी तिला समजावले. कबुली खोडल्यास दुरुस्ती हे नवीन काम ठरते. ते मंजुरीवाचून झालेले असल्याने पूर्वस्थितीत आणावे लागेल. म्हणजे ओठ उसवावा लागेल.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "तुमी लई शिकलेले हाय."

हे वाचून हसणाऱ्या सुशिक्षित वाचकाने गेल्या ग्रहणात आपल्या घरी सुनेच्या पुढ्यातली विळी कोणी उचलली, आणि आपण तेव्हा वर्तमानपत्रात डोके घालून का बसलो होतो, हे आठवावे. नक्कल हवी असल्यास साधा अर्ज पुरतो.

आजअखेर दिलेल्या नकला : दोनशे अकरा.