कोनशिला मॅडम आणि एक मेची सुट्टी

आडगंगा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण संशोधन केंद्राच्या संचालकपदी त्या केंद्राच्या कोनशिलेची निवड झाली, आणि ती एकमताने झाली. दुसरे उमेदवार डॉ. पंडित गायसमुद्रे यांनीही पुढे कबूल केले की मुलाखत तिचीच चांगली झाली होती.

केंद्राची इमारत अजून व्हायची होती. अकरा वर्षांपूर्वी एका मंत्र्यांनी कुदळ मारली, नारळ फोडला, दोरी ओढून पडदा बाजूला केला आणि सगळे जेवायला गेले. तेव्हापासून मुख्य इमारतीच्या मागे, कडुलिंबाखाली, विटांच्या बुटक्या चौथऱ्यावर ती काळ्या दगडाची कोनशिला उभी होती. इमारत नसली म्हणून केंद्र थांबले नव्हते. कागदोपत्री ते जोरात चालू होते, आणि कागद चालवायला माणूस लागतो म्हणून गायसमुद्रे सरांना तासिका तत्त्वावर घेतले होते. जेवढे तास काम तेवढे तास तुम्ही प्राध्यापक; उरलेल्या वेळात तुम्ही कोण, याची विद्यापीठाला चौकशी नव्हती.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांना कायम व्हायचे होते. नियम सोपा होता: सलग एक वर्ष सेवा पुरी झाली की माणूस कायम. म्हणूनच दर तीस एप्रिलला आस्थापना विभागाचे कुलथे खाकी पाकीट घेऊन येत आणि सरांना एका दिवसाचा तांत्रिक खंड देत. एक मेला सर नोकरीत नसत, दोन मेला पुन्हा रुजू होत. एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन. त्या दिवशी सगळे विद्यापीठ सुट्टीवर असे. सर तेवढे सुट्टीवर नसत, कारण सुट्टी मिळायला आधी नोकरी असावी लागते.

पहिल्या वर्षी सर त्या पाकिटाने रडकुंडीला आले होते. पुढे पुढे ते पाकीट गुपचूप डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेऊ लागले. त्यांची बायको वैजयंता ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती, आणि चांगली कायम होती. पिशवी हातात घेताच तिला कळे. मग ती काही न बोलता शेवयांची खीर करी. अकरा वर्षांत सरांना खिरीचा उबग आला होता, पण तेवढ्या मायेने केलेल्या खिरीला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

यंदा संचालकपदाची जाहिरात निघाली. केंद्रात आधीपासून असलेल्यांना प्राधान्य, अशी अट होती. कुलथे हा काटेकोर माणूस. केंद्राच्या जागेवर कोण कधीपासून आहे एवढेच त्यांनी पाहिले आणि सेवाज्येष्ठता यादी काढली. यादीत दोनच नावे आली. पहिले कोनशिलेचे, अकरा वर्षे, खंड शून्य. दुसरे गायसमुद्रे सरांचे, अकरा वर्षे, खंड दहा.

पहिल्या उमेदवाराला जागा सोडता येत नसल्यामुळे निवड समितीच कडुलिंबाखाली आली. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सरांना विचारले, "आंतरराष्ट्रीय शिक्षणाबद्दल आपली भूमिका काय?"

सर सतरा मिनिटे बोलले. अकरा वर्षांचे साठलेले होते, ते सगळे बाहेर आले. सहाव्या मिनिटाला कुलगुरू कडुलिंबाकडे पाहू लागले आणि दहाव्या मिनिटापासून तज्ज्ञही तिकडेच पाहू लागले.

मग तोच प्रश्न कोनशिलेला विचारण्यात आला. ती काही बोलली नाही. तज्ज्ञांनी वाट पाहिली. आणखी थोडी पाहिली. मग ते खुर्चीत सावरून बसले.

"खरं आहे," ते म्हणाले. "आपण सगळेच फार घाई करतो."

"प्रकाशनं किती?" कुलगुरूंनी विचारले.

"एकच आहे," कुलसचिव बेलसरे फाइल चाळत म्हणाले. "पण अकरा वर्षं सलग वाचनात आहे. वाङ्मयचौर्य शून्य टक्के. गायसमुद्रे सरांच्या प्रबंधात नऊ टक्के निघालंय."

ते नऊ टक्के ऋणनिर्देशातले होते. मार्गदर्शकांच्या पत्नीचे आभार सगळेच एकाच शब्दांत मानतात. सर हे सांगायला उठले, पण त्यांची सतरा मिनिटे होऊन गेली होती.

वयाचा प्रश्न थोडा अडला. दगड म्हणून धरले तर उमेदवार निवृत्तीचे वय ओलांडून काही कोटी वर्षे झाली होती, आणि समारंभाची तारीख धरली तर ती अकरा वर्षांची, म्हणजे अल्पवयीन होती. कुणीतरी सरासरी काढायची सूचना केली. ती काढून पाहिल्यावर सूचना मागे घेण्यात आली आणि वयाचा रकाना कोरा ठेवायचे ठरले.

शेवटी हजेरी. त्यासाठी माळीकाम करणाऱ्या जलीलमामांना बोलावले.

"मामा, ह्या कधी जागेवर नव्हत्या, असं झालंय का?"

"नाही साहेब," मामा पाइप खाली ठेवून म्हणाले. "पावसात पण हाइतच. एकदा गाढव येऊन अंग घासायलं होतं, तरी हालल्या नाहीत. मीच हाकललं."

समितीने एकमेकांकडे पाहिले. असा निष्ठेचा दाखला विद्यापीठात फार दिवसांनी ऐकायला मिळाला होता.

घरी वैजयंताने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे दगडाला दिलं?"

"मॅडमना दिलं," सर म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणलात?"

"अभिनंदन म्हणलो. काय म्हणणार?"

"तुम्ही बोलता फार," वैजयंता भाकरी थापत म्हणाली. "मी लग्नापासून सांगायले."

सरांना फार लागले ते. पण त्या रात्री ते त्यावर काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या लक्षात आले की न बोलल्यावर भाकरी जरा लवकर वाढली जाते.

मॅडमच्या हाताखाली सर सहायक झाले. कडुलिंबाखाली त्यांचे टेबल लागले. सकाळी फडक्याने मॅडमवरची धूळ पुसायची, आलेले टपाल मॅडमपुढे धरायचे आणि आक्षेप न आल्यास मंजूर समजायचे. आक्षेप कधी आला नाही. अकरा वर्षे तुंबलेल्या फाइली तीन आठवड्यांत निघाल्या. कुलगुरू एका बैठकीत सगळ्या विभागप्रमुखांना म्हणाले की मॅडमकडून काहीतरी शिका. दुसऱ्या दिवसापासून दोन विभागप्रमुख बैठकीत गप्प बसू लागले आणि बैठका वेळेत संपू लागल्या.

फेब्रुवारीत फिनलंडहून आइनो नावाच्या प्राध्यापक बाई आल्या. दहा विद्यापीठे पाहून आल्या होत्या, दहाही ठिकाणी त्यांच्यापुढे भाषणे झाली होती, आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. इथे त्यांच्यासाठी अर्धा तास राखून ठेवला होता. त्या मॅडमसमोर खुर्चीवर बसल्या. मॅडम काही बोलल्या नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. सरांनी स्वागतपर चार शब्द तयार करून आणले होते, पण वैजयंताचे बोलणे आठवून त्यांनी ते खिशातच ठेवले. अशी चाळीस मिनिटे गेली. मग बाईंनी डोळे पुसले आणि त्या उठल्या.

"आमच्या देशातसुद्धा," त्या म्हणाल्या, "इतकं मनापासून ऐकून घेणारं कुणी राहिलं नाही."

त्याच टेबलावर सामंजस्य करार झाला. मॅडमना एका वर्षासाठी अतिथी प्राध्यापक म्हणून फिनलंडला बोलावण्यात आले. पारपत्राच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, एवढीच अडचण होती. दोन्ही कडा दिसतील असा फोटो काढला, आणि तो चालला. प्रस्थानाची तारीख ठरली तीस एप्रिल.

ती तर पाकिटाचीच तारीख होती. एकोणतीस एप्रिलला बेलसऱ्यांनी सरांना बोलावले.

"एक पेच आहे," बेलसरे म्हणाले. "मॅडम गेल्या की जागा मोकळी पडते. दुचाकी वाहनतळ समितीचा त्या जागेवर केव्हापासून डोळा आहे. कोनशिला नसेल तर केंद्र नाही. केंद्र नसेल तर..." ते सभ्य गृहस्थ होते, म्हणून पुढचे बोलले नाहीत.

सरांनी खंड दहा वेळा पचवला होता. पण खंडानंतर दोन मे यायचा. आता दोन मेच नव्हता.

बेलसऱ्यांनी चष्मा लावला आणि परिनियमांचे पुस्तक उघडले. "एक मार्ग सापडलाय. वाचतो. केंद्राच्या जागेवर विधिपूर्वक स्थापित केलेल्या घटकास, तो जागेवरून हलेपर्यंत, कोणत्याही प्रकारचा खंड देता येणार नाही."

"घटक म्हणजे?"

"घटक म्हणजे घटक. दगडच पाहिजे, असं कुठं म्हणलंय?"

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "म्हणजे उद्या कुलथे पाकीट घेऊन आले, तर..."

"तुम्ही जागेवर असाल तर देता येणार नाही. परवा तुमचं सलग वर्ष भरतं. आपोआप कायम."

सरांच्या मनात सात प्रश्न आले. ऊन, पाऊस, डबा, शौचालय, मुलगी सासरहून येणार होती तिचे काय, मॅडम लवकर परत आल्या तर आणि परत आल्याच नाहीत तर. सातही त्यांनी गिळले आणि मान डोलावली. बेलसऱ्यांनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिले.

तीस एप्रिलला सकाळी मॅडमना शाल आणि श्रीफळ देऊन निरोप देण्यात आला. पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यात त्या टेम्पोतून निघाल्या, तेव्हा जलीलमामांनी डोळ्याला रुमाल लावला. मग चौथरा धुतला गेला आणि पांढरा सदरा घातलेले गायसमुद्रे सर त्यावर उभे राहिले. त्यांच्या कपाळाला कुंकू लावले, डोक्यावर अक्षता पडल्या, पायाशी नारळ फुटला. छातीवर पाटी अडकवली होती. मजकूर जुनाच होता, तारखेवर तेवढा कागद चिकटवला होता.

पुढून लाल सॅटिनचा पडदा ओढला गेला. पडद्याआड दोन मिनिटे सर एकटे होते. तिथे उदबत्तीचा वास होता आणि सगळे तांबडे दिसत होते. पळून जावे असे त्यांना एकदाच वाटले, आणि तेवढ्यात कुलगुरूंनी दोरी ओढली. मॅडमच्या वेळी पडदा मध्येच अडकला होता. सरांच्या वेळी तो एका हिसक्यात सरकला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले आणि सगळे जेवायला गेले.

चार वाजता कुलथे आले. बगलेत नोंदवही आणि एकच खाकी पाकीट होते. बाकीच्यांची वाटून झाली होती, हे शेवटचे होते.

"सर, पाकीट," ते सवयीने म्हणाले.

सर काही बोलले नाहीत. हात पुढे केला नाही. कुलथ्यांनी वाट पाहिली. मग खिशातून परिनियमाची प्रत काढून ओळ वाचली, खाली वाकून सरांचे दोन्ही पाय चौथऱ्यावर पुरते टेकले आहेत ना हे तपासले, आणि नोंदवहीत लिहिले: स्थापित, खंड लागू नाही. पाकीट त्यांनी परत नोंदवहीत सारले. जाताना, स्वतःच्याही नकळत असेल, त्यांनी हात जोडले.

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. कोनशिलेने रडू नये असे परिनियमात कुठेही नव्हते.

इकडे वैजयंताने शेवया काढून ठेवल्या होत्या. सहा वाजले, साडेसहा झाले, पिशवी आली नाही आणि पिशवीवालाही आला नाही. ती स्कूटी काढून विद्यापीठात आली. कडुलिंबाखाली चौथऱ्यावर नवरा उभा, कपाळभर कुंकू, छातीवर पाटी. तिने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"पाकीट?" तिने विचारले.

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही आलं?"

"नाही आलं," सर हळू म्हणाले. आणि मग, अकरा वर्षे ज्या वाक्यासाठी जीव टाकला होता, ते वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात उच्चारले. "उद्या एक मे आहे ना. मला सुट्टी आहे."

वैजयंता मटकन चौथऱ्याच्या कडेवर बसली. आधी तिला हसू आले, मग पदर डोळ्यांना गेला, मग पुन्हा हसू आले.

"मग आज खीर नको," ती म्हणाली.

"नको," सर घाईने म्हणाले.

"घरी कधी येणार?"

"उतरलो की खंड, आणि जागा वाहनतळाला. मॅडम येईपर्यंत."

"म्हणजे वर्ष."

"म्हणजे वर्ष."

वैजयंताने त्यांच्याकडे पाहिले, चौथऱ्याची लांबीरुंदी पाहिली, वर कडुलिंबाची सावली कुठवर येते ते पाहिले. रुग्णालयात खाटेवर नवा माणूस आला की ती असेच पाहत असे.

"हलवायचे नाहीत असे पेशंट मी रोज सांभाळते," ती म्हणाली. "वॉर्डात सहा हाइत, तुम्ही सातवे. उभंच राहावं लागतं, का आडवं चालतं?"

"लिहिलेलं नाही."

"मग चालतं. चटई आणते. आणि छत्री."

ती उठली, पदराने पाटीवरचे अक्षतांचे दाणे झटकले आणि स्कूटीकडे निघाली. तेवढ्यात जलीलमामा गवताला पाणी घालत घालत चौथऱ्यापाशी आले.

"सर, जरा पाय उचला," ते म्हणाले. "खालून धुऊन घेतो."

सरांचा पाय उचलला जाणार, तोच वैजयंता गर्रकन वळली.

"पाय राहू द्या, मामा," ती म्हणाली. "तुम्ही पाइप फिरवून घ्या."

मामांनी पाइप फिरवून घेतला.